केमिस्ट्री कागदावरची

संपादकाच्या टेबलावर वाचायला आलेल्या पटकथांचा ढीग कधी कमी होत नाही. त्यातल्या प्रेमकथांमध्ये एक प्रसंग हटकून सापडतो. वळणावर दोघांची धडक होते, तिच्या हातातली पुस्तकं किंवा फायली खाली पडतात, तो उचलायला वाकतो आणि मग कंसात सूचना येते : ‘दोघं एकमेकांकडे बघत राहतात. वेळ थांबते. पार्श्वसंगीत.’ पुढच्या पानावर त्यांचं प्रेम जमलेलं असतं. वेळ थांबली की नाही ते माहीत नाही. लेखक मात्र तिथे थांबलेला असतो. जे काम त्याचं होतं ते त्याने संगीतकाराकडे, छायालेखकाकडे आणि दोन नटांच्या डोळ्यांकडे सोपवून दिलेलं असतं.

विचारलं तर उत्तर ठरलेलं : ‘ते केमिस्ट्रीवर आहे. मॉक शूटमध्ये कळेलच.’ केमिस्ट्री हा आपल्या धंद्यातला फार सोयीचा शब्द झाला आहे. जोडी चालली तर श्रेय केमिस्ट्रीचं, पडली तर दोष कास्टिंगचा. लेखक दोन्हीकडून मोकळा. या अंकाचा विषय ‘जोडी’ ठेवला तो याच मोकळेपणाला हरकत घेण्यासाठी. ही दोन माणसं एकमेकांचीच आहेत, ही खात्री प्रेक्षकाला कागदावरून देता येते. नट ती वाढवतात, क्वचित तारूनही नेतात; पण पाया कागदावरच पडतो.

पुरावा म्हणून रितेश बत्रांचा ‘द लंचबॉक्स’ (2013) पुरे आहे. इरफान खान आणि निम्रत कौर यांच्यात समोरासमोर एकही संवाद नाही. नजरानजर नाही, स्पर्श नाही, गाणं तर नाहीच. चुकलेला डबा आणि डब्यातल्या चिठ्ठ्या एवढ्यावर सगळा चित्रपट उभा आहे, तरी साजन फर्नांडिस आणि इला भेटावेत म्हणून थिएटरमधला माणूस तळमळतो. दोन नट एका चौकटीत नसताना ही केमिस्ट्री आली कुठून? ती लिहिलेली होती.

कशी लिहिली आहे ते बारकाईने पाहा. इलाने नवऱ्यासाठी पाठवलेला डबा भलतीकडे जातो आणि चाटूनपुसून रिकामा परत येतो. संध्याकाळी नवरा घरी येऊन फ्लॉवरची भाजी चांगली होती म्हणतो; तिने फ्लॉवर केलेलाच नसतो. या एका वाक्यात दोन गोष्टी झाल्या. डबा चुकल्याचं कळलं, आणि नवऱ्याच्या लेखी डब्यात काय होतं याला काडीची किंमत नाही, हेही कळलं. दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी घालते. अनोळखी माणसाचं उत्तर येतं ते आभाराचं नाही. आज जेवण खारट होतं, असं तो कळवतो. आपल्यापैकी किती जणांनी इथे स्तुती लिहिली असती! पण मीठ जास्त झाल्याचं तोच सांगू शकतो जो घास चावून खातो. इलाला कौतुक नको होतं, लक्ष हवं होतं, आणि ते तिला तक्रारीच्या रूपात मिळालं. चिडून ती पुढच्या डब्यात तिखट वाढवते. तोंडाची आग विझवायला केळी खावी लागल्याचं तो कळवतो. एव्हाना ते बोलू लागलेले असतात, आणि चित्रपटात कुणीही ‘मला तू आवडतेस’ म्हटलेलं नसतं.

यातून पहिला धडा मिळतो : एकाची उणीव आणि दुसऱ्याचा स्वभाव यांचा सांधा आधी शोधावा. नायक देखणा, नायिका गुणी, दोघं मनाने चांगले, एवढ्यावर फार तर स्थळ सुचवता येतं, पटकथा होत नाही. चांगली माणसं गावात पुष्कळ असतात. याच्या आयुष्यात अशी कोणती जागा रिकामी आहे, जी हिच्या नेमक्या याच सवयीने भरते, हे लेखकाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’त (2009) तायप्पाच्या अंगावर लुगडं चढवून त्याला जोगता केलं जातं. गावाला तो देवीचा दिसतो, घरच्यांना अडचणीचा. त्याच्यातला पुरुष सुलीला दिसतो, कारण तिचंही बाईपण असंच देवाच्या नावाने काढून घेतलेलं आहे. सुलीच्या जागी गावातली दुसरी कुठलीही मुलगी बसवून पाहा. कथा जागच्या जागी मोडते. ती मोडते म्हणूनच ही जोडी आहे.

दुसरा धडा जुना आहे आणि परदेशातला आहे. फ्रँक काप्रांचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ 1934 सालचा. पटकथा रॉबर्ट रिस्किनची, जिला ऑस्कर मिळालं. आपल्याकडच्या प्रेक्षकाला त्याची सावली ‘चोरी चोरी’ (1956) आणि ‘दिल है के मानता नहीं’ (1991) मधून ओळखीची आहे. घरातून पळालेली श्रीमंत मुलगी आणि नोकरी गमावलेला बातमीदार एका खोलीत आहेत, दोघांमध्ये दोरीवर ब्लँकेट टांगलेलं आहे. या ब्लँकेटचं कौतुक सगळे करतात. मला त्यातला दुसराच प्रसंग मोठा वाटतो. सकाळी मुलीच्या बापाने पाठवलेले गुप्तहेर दारात येतात. क्षणात दोघं कंटाळलेल्या नवरा-बायकोचं कचाकचा भांडण सुरू करतात. ठरवलेलं काही नाही, खूण नाही. एकाने वाक्य टाकायचं, दुसऱ्याने ते झेलून वर चढवायचं. गुप्तहेर कंटाळून निघून जातात आणि दोघं हसत सुटतात.

प्रेमाचा उच्चारही नसलेला हा प्रेमप्रसंग आहे. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत, दोघं मिळून तिसऱ्याला बनवत असतात. तबलजी आणि गायक मैफलीत एकमेकांचं तोंड पाहत बसत नाहीत. समेवर एकत्र येतात तेव्हा ऐकणाऱ्याला कळतं की यांचं जमलंय. जोडीला समेची जागा द्या. दोघांना एक काम द्या, शक्यतो घाईचं आणि थोडं अब्रू जाईल असं. लग्नघरातला गॅस संपलेला असू दे, गावी न्यायचं म्हातारं माणूस असू दे, दारात वसुलीवाला असू दे. कोण काय उचलतं, कोण कुणाचं वाक्य पुरं करतं, चूक कोण अंगावर घेतं, हे पाहून प्रेक्षक स्वतःच निष्कर्ष काढतो. आणि स्वतः काढलेल्या निष्कर्षावर माणसाचा जास्त विश्वास असतो.

भांडणाचंही असंच. ‘मुंबई-पुणे-मुंबई’त (2010) सतीश राजवाडे यांनी जवळजवळ पूर्ण चित्रपट दोन माणसांच्या चालण्या-बोलण्यावर पेलला. विषय काय, तर कोणतं शहर चांगलं. पण त्या वादात दोघं तोडीस तोड आहेत. तिचा टोला त्याला लागतो, त्याचा तिला, आणि दोघांनाही खेळ संपू नये असं वाटतं. भांडण लिहिताना एवढंच तपासावं : ही दोघं एकाच वजनगटातली आहेत का? एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने डोळ्यांत पाणी आणायचं, असं असेल तर ती जोडी होत नाही, एकाची शिकवणी होते.

आता आपल्या भाषेकडे वळू, कारण मराठी लेखकाच्या हाती एक हत्यार आहे जे इंग्रजी लेखकाला मिळत नाही. आपल्याकडे ‘तुम्ही’ आहे आणि ‘तू’ आहे, ‘अहो’ आहे आणि ‘अरे’ आहे. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं ही अख्ख्या रीळभर प्रेमप्रसंगाइतकी मोठी घटना आहे. तरी हातात येणाऱ्या पटकथांमध्ये विसाव्या प्रसंगात ‘तुम्ही’ असतं आणि चोविसाव्यात ‘तू’ झालेलं असतं. मधे कुठे घडलं याचा लेखकालाच पत्ता नसतो. ही उधळपट्टी आहे. तो पहिला ‘तू’ कुणाच्या तोंडून निसटला, रागात की भीतीत, समोरच्याने तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं का, यासाठी एक प्रसंग राखून ठेवा.

संबोधनाची ताकद पाहायची तर वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’कडे (1970) जावं. रंगमंचावर राजमुकुट मिरवलेले अप्पासाहेब बेलवलकर घरात बायकोला, कावेरीला, ‘सरकार’ म्हणतात. त्या एका शब्दात संसाराची सगळी वाटणी आहे. बाहेरचं राज्य त्याचं, घरातलं तिचं, आणि घरातल्या राज्यापुढे तो हसत मुजरा करतो. मुलांच्या दारात दोघांची किंमत उतरत जाते, पण हा शब्द आपली किंमत सोडत नाही. कावेरी गेल्यावर अप्पांचं जे होतं ते समजावून सांगावं लागत नाही. हाक मारायला शब्द आहे, ओ द्यायला माणूस नाही. तुमच्या जोडीकडे असा एखादा शब्द, एखादी खोड, एखादी दोघांनाच कळणारी थट्टा आहे का? असेल तर ती तीनदा वापरा : एकदा सहज, एकदा गर्दीत, आणि एकदा ती हरवते तेव्हा.

पुढचा मुद्दा किमतीचा. ‘सैराट’च्या (2016) पूर्वार्धातली विहीर, बुलेट आणि अजय-अतुल यांची गाणी सगळ्यांच्या लक्षात आहेत आणि त्यानंतरच्या कितीतरी पटकथांनी तेवढंच उचललं. नागराज मंजुळे यांनी जोडी सिद्ध केली ती उत्तरार्धात. हैदराबादच्या झोपडपट्टीत गाणं थांबतं. ट्रॅक्टर चालवणाऱ्या आर्चीला स्वयंपाक येत नाही, तिला घरची आठवण येते. परश्या डोशाच्या गाडीवर राबतो आणि त्याच्या मनात संशय शिरतो. लेखक-दिग्दर्शकाने आपल्या लाडक्या नायकाला क्षुद्र होऊ दिलं. भांडण विकोपाला जातं, आर्ची निघून जाते आणि परत येते. तिचं ते परत येणं हा या चित्रपटातला खरा लग्नविधी आहे. पळून जाताना मागे वळून बघायला वेळ नव्हता. आता मात्र तिने परतीचा रस्ता पाहिला, आणि पाहून ती वळली. प्रेमात पडणं फुकट असतं. राहणं विकत घ्यावं लागतं, आणि ती किंमत पानावर दिसली पाहिजे.

याच मंजुळ्यांच्या ‘फँड्री’त (2013) उलट्या शिस्तीचं उदाहरण आहे. जब्या शालूसाठी झुरतो, पण पटकथा त्या दोघांना धड एक संभाषणही देत नाही. तिथे जोडी नाही, एकाचं स्वप्न आहे, आणि लेखकाला हा फरक माहीत आहे. आपल्या कित्येक ‘प्रेमकथा’ प्रत्यक्षात अशाच एकतर्फी असतात. फरक एवढाच, की लेखकाला ते कळलेलं नसतं आणि शेवटी मुलगी हो म्हणते.

तिसऱ्या माणसाबद्दलही बोललं पाहिजे. नायिकेचा ठरलेला नवरा दारुडा, लबाड किंवा परदेशातल्या पैशाचा गर्व असलेला दाखवला की नायकाचा मार्ग मोकळा होतो, पण त्याच्या जिंकण्याला अर्थ राहत नाही. बासू चटर्जींचा ‘रजनीगंधा’ (1974), मन्नू भंडारींच्या कथेवरचा, आठवून पाहा. दीपाचा संजय उशिरा येणारा, विसराळू, स्वतःच्या ऑफिसच्या गप्पांत रमणारा. मुंबईत भेटलेला जुना प्रियकर नवीन तिची सगळी काळजी घेतो. यादी केली तर नवीन जिंकतो. शेवटी संजयच का, याचं उत्तर यादीत सापडत नाही, त्याच्यासमोर दीपा कशी वावरते यात सापडतं. प्रतिस्पर्धी तोलामोलाचा असेल तरच निवड ही निवड ठरते.

दैनंदिन मालिका लिहिणाऱ्या मित्रांची हरकत मला ऐकू येते. ‘आम्हाला जोडी शेकडो भाग लांबवायची असते, एकत्र आली की ट्रॅक संपला.’ अडचण खरी आहे. म्हणूनच मग दाराआडून अर्धवट ऐकलेली वाक्यं आणि न पोचलेल्या चिठ्ठ्या येतात. पण गैरसमज लांबवला की प्रेक्षकाला एकच गोष्ट कळते : या दोघांना एकमेकांशी पाच मिनिटं बोलता येत नाही. मग ते एकमेकांचे कसे? अडथळा दोघांच्या मधे ठेवण्याऐवजी दोघांच्या समोर ठेवून पाहा. घर वाचवायचं आहे, दुकान चालवायचं आहे, बहिणीला सोडवायचं आहे. उपायाबद्दल मात्र दोघांचं पटत नाही. लांबण मिळते, भांडण मिळतं आणि जोडी रोज थोडी घट्ट होते.

शेवटी आमच्या लेखन-टेबलावरची एक कसोटी. तुमच्या नायक-नायिकेचा सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग घ्या. त्यातल्या ‘प्रेमाने’, ‘एकटक’, ‘हळवं होऊन’ अशा सगळ्या कंसातल्या सूचना खोडा. मग नायिकेचं नाव काढून तिथे तिच्या मैत्रिणीचं नाव लिहा आणि प्रसंग मोठ्याने वाचा. काहीच बिघडलं नाही तर तो प्रसंग कुणाचाही आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ दिग्दर्शकाने माझ्याच प्रसंगावर ही कसोटी लावली होती. मैत्रिणीच्या नावाने तो प्रसंग जास्त बरा वाटला, आणि मला नायिका बदलावी लागली.

‘द लंचबॉक्स’ संपतो तेव्हा साजन डबेवाल्यांसोबत इलाचं घर शोधायला निघालेला असतो. भेट दाखवलेली नाही. ती दाखवण्याची जबाबदारी लेखकाने प्रेक्षकावर टाकली, आणि टाकू शकला, कारण मिठापासून केळ्यांपर्यंतचा सगळा हिशोब त्याने आधीच चुकता केला होता. या महिन्यात तुमच्या जोडीचा तेवढा हिशोब मांडून पाहा. मग वेळ थांबवायला पार्श्वसंगीत लागणार नाही.

— संपादक