एकवीस गिअर आणि चाकात हवा नाही

आपल्या गावात पोरगं चांगल्या मार्कांनी पास झालं की त्याला गिअरची सायकल मिळते. नांगराच्या फाळासारखे दातेरी जाड टायर, पुढच्या चिमट्याला स्प्रिंगा, पुढे तीन चक्रं, मागे सात. दुकानदार गुणाकार करून सांगतो, "साहेब, एकवीस गिअर." बाप खूश, पोरगं खूश, स्टेटसला फोटो. पुढच्या दिवाळीला तीच सायकल जिन्याखाली उभी, वर गाद्या टाकलेल्या.

मी रोज बातमीसाठी काळ्या, एकाच गिअरच्या, दांडीच्या सायकलवर फिरतो. "पत्रकार असून सायकल?" हे इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर देत नाही. पण आज लिहितोय, कारण हा विषय माझ्या हौसेचा नाही. सपाट तालुक्यात गिअरची स्वस्तातली सायकल विकणं ही फसवणूक आहे, आणि साधी सायकल न बसवता पोरीच्या हातात देणं हा निष्काळजीपणा आहे. पहिल्यात बापाचे पैसे जातात. दुसऱ्यात पोरीची शाळा जाते.

आधी पहिलं. आपण गोदाकाठची माणसं. आपला तालुका परातीसारखा सपाट. सगळ्यात मोठा चढ कुठला? जायकवाडीच्या कालव्यावरचा पूल. त्यासाठी एकवीस गिअर? त्यातले किती वापरले जातात ते पोरालाच विचारा. स्वस्तातल्या या सायकलींचं वजन जास्त, स्प्रिंगा खालीवर होतात तेव्हा पायाचा जोर त्यातच मुरतो, आणि डांबरी रस्त्यावर ते दातेरी टायर नुसते घरघरतात. एकदा सायकल उजव्या अंगावर पडली की गिअरचा लोंबता पत्रा आत वाकतो. मग चेन उड्या मारते, आणि एखाद्या दिवशी तो पत्रा थेट आऱ्यांत. गिअरची केबल तुटली तर मागची चेन सगळ्यात लहान चक्रावर, म्हणजे सगळ्यात जड गिअरवर जाऊन बसते. त्याचा सुटा भाग आपल्या मिस्त्रीकडे नसतो, तो म्हणतो जिल्ह्याला जा. तोवर पोरगं एकाच गिअरवर रेटत राहतं. म्हणजे शेवटी झाली सिंगल गिअरचीच, फक्त महागातली आणि चुकीच्या गिअरची.

"एका गिअरवर कुठं काय होतं?" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं लांबचं उदाहरण देतो. फ्रान्समधली टूर द फ्रान्स ही जगातली सगळ्यात मोठी सायकल शर्यत. १९०३ साली पहिली झाली, ६ टप्प्यांत २,४२८ किलोमीटर. चेन उडी मारून बदलणारे गिअर त्या शर्यतीत १९३७ पर्यंत चालत नव्हते. तोवर डोंगर आले की स्वार खाली उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे. चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रं असायची, एक सपाटीला, एक चढाला. झाली दोन गिअरची सायकल. एवढ्यावर आल्प्स चढले लोक. आपल्याला कालव्याचा पूल चढायचाय.

घाटातल्या, कोकणातल्या मित्रांनी लगेच भांडायला येऊ नये. तुमच्याकडे गिअर लागतात, आणि चांगले, दुरुस्त होणारे लागतात. मी आपल्या तालुक्याचं बोलतोय.

आता साध्या सायकलचं गणित बघा. माझ्या सायकलला पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला, ज्याला आपले मिस्त्री फ्रायव्हील म्हणतात, १८ दाते होते. अठ्ठावीसच्या चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. वारं पाठीवर असेल तर उत्तम. पण फाल्गुन-चैत्रात समोरून वारं सुटलं की गुडघे बोलायला लागतात. मी मागे १८ च्या जागी २० दात्यांचं फ्रीव्हील बसवून घेतलं. एवढाच बदल. आता एका फेऱ्यात पाच मीटरला थोडं कमी. मिनिटाला साठ फेरे मारले तरी ताशी सतरा-अठरा किलोमीटर पडतात, आणि घाम निम्मा. गिअर विकत घेण्याऐवजी योग्य गिअर एकदाच निवडायचा, इतकी ही साधी गोष्ट आहे. मिस्त्रीला "वीस दाते टाक" म्हणा. मागचं चाक किंचित पुढे सरकवून चेन जुळते.

आणि आता मूळ दुखणं. मानव विकास कार्यक्रमात आपल्यासारख्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. शाळा घरापासून पाच किलोमीटरच्या आत असलेल्यांसाठी. २०२२ मध्ये रक्कम पाच हजार केली. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूनं लिहीत आलोय. पाच किलोमीटर म्हणजे पायडलचे सुमारे हजार फेरे, सतरा-अठरा मिनिटं. एसटीची वाट बघण्यात याच्यापेक्षा जास्त वेळ जातो. ही एवढी वीतभर गोष्ट पोरीला बारावीपर्यंत नेऊ शकते.

पण पाहिलं काय जातं? पावती. सायकल पोरीच्या उंचीची आहे का, ब्रेक लागतात का, हे कुठल्याच कागदावर नाही. परवा एका शाळेच्या सायकल स्टँडवर थांबून मी अंगठ्यानं टायर दाबत गेलो. टणक लागलेली चाकं बोटांवर मोजण्याइतकी. सीट तर जवळजवळ सगळ्यांचं पार खाली बसवलेलं. पोरींचे गुडघे हँडलपर्यंत येतात. अशी सायकल पाच किलोमीटर चालवून बघा, गटशिक्षणाधिकारी साहेब, एकदाच. मांड्या भरून येतात, पोरगी आठ दिवसांनी म्हणते "सायकल नको", घरचे म्हणतात "तिला झेपत नाही". आणि पुढचं वाक्य काय असतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. सायकल झेपत नव्हती. शाळा तिला झेपत होती.

हे दुरुस्त करायला अर्धा तास लागतो. पायडल सगळ्यात खाली न्या, सीटवर बसून त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पंजा पायडलवर ठेवला की गुडघ्यात हलकासा वाक राहतो, तीच बरोबर उंची. सीटचा पाइप निदान दोन-अडीच इंच आत राहू द्या. जी पोरगी अजून शिकतेय, तिचं सीट दोन्ही पाय टेकतील इतकं खाली ठीक आहे, पण तोल आला की वर घ्यायचं, आणि हेच कुणी घेत नाही. वाढत्या अंगाचा गणवेश चालतो, वाढत्या अंगाची सायकल चालत नाही. ब्रेक दाबता येत नसेल इतकी मोठी सायकल तर सरळ परत करा.

हवा किती, ते टायरच्या बाजूलाच छापलेलं असतं. दर आठवड्याला भरा. चेन मधोमध बोटानं वर-खाली केली की अर्धा इंच हलली पाहिजे. जास्त सैल असली तर उतरते, ताणलेली असली तर करकरते. तेल थेंबभर, आणि वरचं फडक्यानं पुसून घ्या. गाडीचं जळकं ऑइल ओतू नका, त्यावर धूळ चिकटून चेन खाते. आणि नवी सायकल महिन्याभरानं मिस्त्रीकडे परत न्यायचीच. दुकानात ती घाईत कसलेली असते. पहिल्या शे-दीडशे किलोमीटरात आरे सैल पडतात, चाक आउट होतं, पायडलच्या दांड्याची कॉटर पिन हलायला लागते. तेव्हाच कसली तर सायकल वर्षानुवर्षं चालते. नाही कसली तर पिन झिजते, आणि मग "माल खराब होता".

चालवायचंही थोडं शिकवावं लागतं. पूल दिसला की आधीच वेग घ्यायचा, मध्यावर उभं राहून चढायचं. समोरून वारं असेल तर जोर लावून भांडायचं नाही, हळू जायचं. पावसात रिम ओली असते, ब्रेक उशिरा लागतो, म्हणून लवकर दाबायचा. उसाच्या ट्रॅक्टरला मागे लाल दिवा नसतो, हा वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यावर स्वतंत्र लिहीन.

कुणीतरी म्हणेलच, आता सायकल चालवतं कोण. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती, दुचाकी होती २१ टक्के घरांत. दुचाकी तेव्हापासून वाढल्या, मान्य. पण आठवीतल्या पोरीला दुचाकीचं लायसन्स कोण देणार आहे?

सोमवारी अकरा वाजता पंचायत समितीत निवेदन देतोय. मागण्या दोनच आहेत. प्रत्येक शाळेत महिन्यातून एका शनिवारी मिस्त्री बसवा, त्याची मजुरी शाळेच्या खर्चातून द्या. आणि सायकलच्या पावतीसोबत मुख्याध्यापकांची एक ओळ लागू द्या, की सीट, ब्रेक आणि चाकं तपासली. स्टँडसमोरचे दोन मिस्त्री यायला तयार आहेत, मी बोललोय. सह्यांचा कागद माझ्या ऑफिसात ठेवलाय. सोबत एक पंप आणि पानाही आहे, पोरीची सायकल घेऊन आलात तर सीट तिथंच वर करून देतो.