सही कोणाची?

पाळत म्हटली की जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’मधला भिंतीवरचा, बंद न करता येणारा पडदा आठवतो. पण १९४९मध्ये आलेल्या त्या कादंबरीत नायकाला सापळ्यात ओढतो तो जुन्या वस्तूंचा एक गोडबोल्या दुकानदार, हे आपण विसरतो. पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलीस खात्याकडे १९८९मध्ये सुमारे ९१ हजार पगारी नोकर होते आणि खबरे त्यांच्या जवळपास दुप्पट. यंत्र भीती घालायला बरं. हेरगिरी चालते ती माणसांवर आणि कागदावर. चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांनी धास्तावलेल्या बेंगळुरूकरांनी म्हणूनच आधी आपल्याच शहराचा इतिहास चाळावा. ऑगस्ट १९८८मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांची खुर्ची गेली ती फोन टॅपिंगच्या प्रकरणात. त्यात तंत्रज्ञानाचं नवल काहीच नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंज, १८८५चा तार कायदा आणि एक आदेश, एवढ्यावर काम भागलं. १९९६मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने लगाम घातला: आदेश गृहसचिवांचाच, मुदत दोन महिन्यांची, वाढवली तरी एकूण सहा महिने. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी मात्र सक्तीची झाली नाही आणि फेरतपासणीची समितीही सरकारी सचिवांचीच राहिली. २०१९मध्ये कुमारस्वामी सरकारच्या काळातल्या टॅपिंगच्या आरोपांची चौकशी येडियुरप्पा सरकारने सीबीआयकडे दिली. कुमारस्वामींनी आरोप फेटाळले. पण असा संशय पुन्हा उभा राहू शकला, याचं आश्चर्य कशाला?

कोणी म्हणेल, श्टाझीला माणसं लागत, आता संगणकच चेहरे जुळवतो. जुना इतिहास काय कामाचा? यात तथ्य आहे. माणसं पुरत नाहीत, हीच जुन्या हेरगिरीची मर्यादा होती आणि ती सरली. तरी कोणाचा चेहरा पाळतीच्या यादीत घालायचा, हे अजून माणूसच ठरवतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निर्भया निधीतून सेफ सिटी प्रकल्पाचे सात हजारांहून अधिक कॅमेरे बसले ते महिलांच्या सुरक्षेसाठी. रात्रपाळी संपवून बसथांब्यावर उभ्या असलेल्या बाईला ऑर्वेल ऐकवणं हा करंटेपणा होईल. कॅमेरे राहू द्यावेत. प्रश्न यादीखालच्या सहीचा आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २०१७मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, आणि त्यात हात घालायचा तर आधी कायदा हवा, असंही ठरलं. चेहरे ओळखण्यासाठी तसा स्वतंत्र कायदा आजही नाही. तो होईल तेव्हा फेरतपासणीला सरकारबाहेरचा न्यायाधीश बसवावा, आणि वर्षाकाठी किती आदेश निघाले, किती चेहरे यादीत गेले, एवढे आकडे विधानसभेत ठेवावेत. नुसत्या आकड्यांनी कुठल्याही तपासाचं गुपित फुटत नाही.