भिंतीवरची मढी

परवा एका मित्राच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला गेलो होतो. बाणेर, चौदावा मजला, हॉलच्या एका भिंतीला उघड्या विटांसारखा दिसणारा वॉलपेपर आणि त्यावर मधोमध एक जुनं लंबकाचं घड्याळ. लाकडी पेटी, पितळी लंबक, पिवळट पडलेली तबकडी, रोमन आकडे, खाली 'अन्सोनिया' हे नाव. मी च्यायला एकदम खूश! जवळ जाऊन पाहिलं तर काटे दहा वाजून दहा मिनिटांवर. तेव्हा दुपारचा दीड वाजला होता.

"बिघडलंय का रे?"

"छे, चांगलं चालतं. बंद ठेवलंय. टकटक फार होते आणि रात्री टोले. इंटिरिअरवाली म्हणाली, दहा-दहालाच छान दिसतं."

पुढे जेवण झालं, मठ्ठा फर्मास होता, अहेर देऊन घरी आलो. पण ते काही डोक्यातून जाईना, म्हणून आज शनिवारचं हे गुऱ्हाळ.

अन्सोनिया ही न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली कंपनी. 1929 साली ती बुडाली आणि तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाने विकत घेतली. म्हणजे मित्राचं घड्याळ अस्सल असेल तर ते नव्वदी ओलांडून गेलंय. नव्वदी ओलांडलेला आणि धडधाकट असलेला माणूस दिवाणखान्यात आणून बसवायचा आणि त्याला सांगायचं, आजोबा, तोंड उघडायचं नाही, श्वाससुद्धा घ्यायचा नाही, नुसते छान दिसा!

माझं म्हणणं अगदी साधं आहे. जुनं घड्याळ घ्यायचं तर ते चालवायच्या तयारीने घ्या. नसेल जमत तर भिंतीवर फोटो लावा, वारली चित्र लावा, काहीही लावा.

बंद ठेवणारे तरी एक वेळ परवडले, कारण त्यांचं मशीन शाबूत असतं. डोकं फिरतं ते सेल घालणाऱ्यांमुळे. जुनं घड्याळ दुरुस्त करायचं म्हणजे मशीन उतरवायचं, पूर्ण खोलायचं, धुवायचं, झिजलेल्या भोकांत नव्या बुश बसवायच्या, कमान तपासायची आणि मग पुन्हा जोडून आठ-दहा दिवस नुसतं चालवून बघायचं. एवढं कोण करणार? त्यापेक्षा अख्खं मशीन उपसून फेकायचं, मागे प्लॅस्टिकची डबी बसवायची, पेन्सिल सेल टाकायचा, अर्ध्या तासात काम खलास. आणि लंबक? त्या डबीत चुंबकाचं एक खेळणं असतं, ते त्याला झोके देतं. म्हणजे वेळ मोजतोय वरचा क्वार्ट्झ आणि खाली लंबक नुसता नाचतोय. खऱ्या घड्याळात लंबक हा मालक असतो. तो थांबला की सगळं थांबतं.

क्वार्ट्झशी माझं वैर नाही हो. तो स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो, म्हणजे दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा दोनाने भागत गेलं की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. इतकं देखणं डिझाइन आमच्या कंपनीत अजून कोणी केलेलं नाही. माझ्या स्वयंपाकघरात तसलंच घड्याळ आहे, कुकरच्या शिट्ट्यांना तेच बरं. पण ते शंभर वर्षांच्या पेटीत कशाला कोंबायचं?

हे सगळं मी एवढ्या तावातावाने बोलतोय कारण हे पाप मी स्वतः केलंय.

साताऱ्याच्या घरी आजोबांचं युंगहान्सचं घड्याळ होतं. जर्मन, तबकडीवर चांदणी आणि तिच्यात 'जे' अक्षर. दर रविवारी अंघोळ झाली की आजोबा स्टुलावर चढून चावी द्यायचे. दोन भोकं, एक चालण्याचं, एक टोल्यांचं. खाली स्टूल धरायचं काम माझं. 2019 मध्ये ते गेले आणि ते घड्याळ मी हट्टाने मागून घेतलं. लंबक न काढता तसंच गाडीच्या डिकीत टाकलं आणि पुण्याला आणलं. अर्थातच बंद पडलं. नवी नोकरी, वेळ नाही, एका दुकानात टाकलं. दुकानदार म्हणाला, "याचे पार्ट मिळत नाहीत साहेब, सेलचं करून देतो, साडेआठशे रुपये." मी हो म्हटलं. जुन्या मशीनचं काय, हेसुद्धा विचारलं नाही.

आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती बघत राहिली आणि म्हणाली, "छान दिसतंय रे. पण टोले का देत नाही?" मी ठोकून दिलं, की इथे शेजाऱ्यांना त्रास होतो. तीन महिन्यांनी लाज वाटून दुकानात परत गेलो. मशीन पितळेच्या भावाने भंगारात गेलं होतं.

त्यानंतर मी जुन्या बाजारात चकरा मारून एक दुसरं घड्याळ घेतलं, बंद असलेलं, आणि शोधत शोधत पेठेतल्या एका घड्याळजी काकांपर्यंत पोचलो. वय सत्तरच्या पुढे. त्यांना युंगहान्सची गोष्ट सांगितली तर म्हणाले, "डिकीत आडवं टाकलंत ना? मग पट्टी तुटली असणार." लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीला लटकतो ती पट्टी. दीड इंचाचीसुद्धा नसते. ती बदलायला त्यांना दहा मिनिटं लागतात.

असो.

या काकांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही कोर्समध्ये मिळालं नसतं. घड्याळ सरळ टांगलंय की नाही हे डोळ्याने बघायचं नाही, कानाने ऐकायचं. टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं आलं पाहिजे. लंगडत असेल तर पेटी केसभर डावी-उजवीकडे सरकवायची. लंबकाचा गोळा खाली घेतला की घड्याळ मागे पडतं. पंचवीस सेंटीमीटरच्या लंबकात अर्ध्या मिलिमीटरने दिवसाला जवळजवळ दीड मिनिटाचा फरक! आणि आयटीवाल्यांसाठी खास: टोले मोजायच्या दोन पद्धती असतात. एकीत खाचांची चकती स्वतःच मोजत पुढे जाते, काटे कुठे आहेत याची तिला फिकीर नसते. म्हणून काटे घाईघाईत फिरवले की चार वाजता सात टोले पडतात. दुसरीत दर तासाला काट्यांवरूनच टोले ठरतात, त्यामुळे चूक आपोआप सुधारते. ही दुसरी पद्धत एडवर्ड बार्लो या इंग्रजाने 1676 च्या सुमारास काढली. आपण 'स्टेट सिंक होत नाही' म्हणून रात्री दोनपर्यंत बसतो, तोच हा बग.

आता नेहमीचे मुद्दे. 'झोप मोडते'? तिसऱ्या रात्रीपासून ऐकूच येत नाही, आणि अगदीच नको असेल तर टोल्यांची चावी देऊ नका, चालणं वेगळं असतं. 'वेळ चुकते'? खिशात फोन आहे की. 'चालवलं की झिजतं'? वाळलेल्या तेलावर आणि धुळीवर चालवलं की झिजतं. साफ केलेलं मशीन पुढे वर्षानुवर्षं चालतं, फक्त कोणाचं तरी ऐकून त्यात खोबरेल ओतू नका. काकांकडे येणाऱ्या घड्याळांपैकी कित्येक त्यानेच चिकटलेली असतात. 'दर आठवड्याला चावी कोण देणार?' या प्रश्नाला मात्र माझ्याकडे सभ्य उत्तर नाही. ज्याला आठवड्यातून एक मिनिट देता येत नाही त्याने कुंडीतलं रोपही आणू नये.

घेताना एवढं बघा: दुकानदार दीडशे वर्षं जुनं म्हणतो त्याकडे लक्ष देऊ नका, पेटी उघडून मागे काळी डबी आहे का ते बघा. मुंबईच्या चोरबाजारात काय आणि इथे काय, एकाची पेटी, दुसऱ्याचं मशीन आणि तिसऱ्याची ताजी छापलेली तबकडी असली खिचडी भरपूर मिळते. ती घेतली तरी माझी हरकत नाही. चालवा म्हणजे झालं.

काकांचा मुलगा बंगलोरला असतो, या धंद्यात येणार नाही. दिवाळीनंतर दुकान बंद करून ते तिकडे जाणार आहेत. बाणेरच्या मित्राला मी त्याच रात्री त्यांचा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन निळ्या खुणा दिसतायत. आज सकाळी काकांना फोन करून विचारलं, अजून कोणी आलेलं नाही.