परकेपणाचा शिक्का

एखादा नवा धर्मपंथ डोळ्यांत खुपूं लागला कीं त्याच्या मतांचें खंडन करण्याची तसदी कोणी घेत नाहीं. ‘परकीय’ हा एक शिक्का कपाळीं मारला म्हणजे काम भागतें. इटालियन पेंटेकोस्टल मंडळ्यांचा इतिहास ह्या युक्तीचें पितळ उघडें पाडतो.

ह्या मंडळ्यांच्या संस्थापकांतील प्रमुख पुरुष लुइजी फ्रांचेस्कोन हा उत्तर इटलींतील फ्रिउली प्रांतांत १८६६ सालीं जन्मला आणि १८९० सालीं पोटासाठीं शिकागोस गेला. रंगीत दगडांच्या तुकड्यांची नक्षी जडविणारा हा कारागीर. तेथें १९०७ सालीं डरहॅम नांवाच्या उपदेशकाच्या सभांतून त्याच्या देशबांधवांत पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची ओढ लागली व त्यांची स्वतंत्र मंडळी उभी राहिली. पुढच्याच वर्षीं जाकोमो लोंबार्दी हा संदेश घेऊन रोमला परतला. १९१० सालीं फ्रांचेस्कोन ब्राझीलमधील इटालियन वसाहतकऱ्यांकडे गेला. १९२७ सालीं नायगारा फॉल्स येथील संमेलनांत त्यांनीं आपलीं मतें कलमवार नमूद केलीं : बायबल हें ईश्वरी वचन, बाप्तिस्मा सर्वांग पाण्यांत बुडवून, अन्य भाषांतून बोलणें ही आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण, आजाऱ्यास तेल लावून प्रार्थना, रक्ताचें सेवन वर्ज्य.

ह्या मतांशीं भांडण्यास जागा पुष्कळ आहे. अन्य भाषा हीच आत्म्याची खूण, हें आम्हांसही पटत नाहीं. परंतु मुसोलिनीच्या सरकारानें वाद घातलाच नाहीं. ९ एप्रिल १९३५ च्या परिपत्रकानें त्यानें ही उपासना देशभर बंद केली. कारण काय, तर ती वंशाच्या शारीरिक व मानसिक आरोग्यास घातक! ज्या वंशाच्या मजुरांनीं ती घरीं आणली, त्याच वंशाला म्हणे तिच्यापासून वांचवावयाचें! यांत परकें तें काय होतें? प्रार्थना इटालियन भाषेंत, सांगणारे इटालियन, ऐकणारेही इटालियन. परक्या पैशाचा संशय घ्यावा, तर ब्राझीलच्या मंडळींतील वडील आजही बिनपगारी आहेत.

मुसोलिनी गेला, १९४८ सालीं धर्मस्वातंत्र्य देणारी राज्यघटना अमलांत आली. तरी तें परिपत्रक रद्द होण्यास १९५५ साल उजाडावें लागलें. जुलमी राजवट जाते, पण तिनें करून ठेवलेली सोय मागून येणारांनाही गोड लागते!

मत खोटें वाटत असेल, तर तें युक्तिवादानें खोडावें. उपासकाला त्याच्याच घरांत परका ठरविणें म्हणजे आपल्यापाशीं उत्तर नाहीं अशी कबुली देणें होय.