सिस्टरांची वही

नेपानगरपासून अर्ध्या तासावरच्या एका फालियातल्या, म्हणजे पाड्यावरच्या, शाळेत गेल्या आठवड्यात आरोग्य तपासणीची गाडी आली. सिस्टर ओसरीत खुर्ची टाकून बसल्या. मूल समोर आलं की अंगठ्याने खालची पापणी ओढायची, जीभ बघायची, नखं बघायची, मग वजनकाट्यावर उभं करायचं. चौथीची रांग संपली तशी त्यांनी पर्समधून स्वतःची एक चौकटीची वही काढली, पान उलटलं आणि विचारलं, ‘‘सर, मागच्या वर्षी डॉक्टरांना जिच्या छातीत आवाज लागला होता, ती पोर कुठंय?’’

‘‘आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. दिवाळीनंतर आलीच नाही.’’

‘‘आणि जिल्ह्याला दाखवलं होतं का?’’

‘‘चिठ्ठी तर दिली होती, सिस्टर.’’

सिस्टरांनी काहीच लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं आणि पाचवीला बोलावलं. निघताना मला म्हणाल्या, ‘‘पगाराचं दुःख आहेच. पण पोर बरी झाली की नाही हे कळतच नाही, ते जास्त लागतं.’’

आठ दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाही. नर्सच्या नोकरीतल्या समाधानाचा विषय निघाला की आपण लगेच सेवाभावावर बोलू लागतो. १२ मेला, परिचारिका दिनी, गुलाबाचं फूल देतो. सेवाभाव या बाईंकडे भरपूर आहे. नाही ते हातात घेतलेलं काम पुरं होताना बघण्याची सोय.

शाळेत आली ती गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची; तो फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक फार्मासिस्ट असं पथक; अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. जन्मजात व्यंगं, कमतरता, आजार, वाढीतला उशीर असं सगळं त्यात तपासलं जातं. योजना चांगली आहे, हे मी मनापासून म्हणतो. हृदयाला छिद्र असलेली कितीतरी मुलं अशा तपासणीशिवाय कुणाच्या लक्षातही आली नसती. पण वर्षातून एकदा येणारी सिस्टर त्या शाळेची होत नाही. तिला मुलांची नावं माहीत नसतात, मुलांना तिचं. त्यात नोकरी कंत्राटी, म्हणजे पुढच्या वर्षी याच शाळेत आपण येऊ की नाही याचीही खात्री नाही. आठवड्याची लोहाची गोळी सरच वाटतात. ती गिळली की खिडकीतून फेकली, हे बघायला सिस्टर नसते.

आपलं नेपानगर मिलचं गाव आहे. १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी ही मिल देशाला अर्पण केली, आणि तेव्हा १९४८ चा कारखाना कायदा लागू होता. पाचशेहून जास्त कामगार असतील तर कारखान्यात रुग्णोपचाराची खोली हवी आणि ती डॉक्टर-नर्सच्या ताब्यात हवी, असं त्याचं ४५ वं कलम सांगत असे. कामगाराच्या बोटासाठी हे कायद्यात बसलं, याचा मिलगावच्या माणसाला अभिमानच वाटतो. मग त्याच कामगाराची पाचशे पोरं ज्या शाळेत शिकतात, तिथे एक खाट आणि एक नर्स का नसावी? आपल्या सरकारी शाळांत प्रथमोपचाराची पेटी असते, कपाटात. किल्ली बहुतेक वेळा हेडमास्तरांकडे.

ही कल्पना काही नवी नाही. शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी आपल्या देशात पहिल्यांदा झाली ती १९०९ मध्ये, सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात. त्याआधी १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांत लीना रॉजर्स नावाची नर्स नेमली गेली. तोवर डॉक्टर खरूज, डोळे आलेली मुलं शोधून घरी पाठवत आणि ती मुलं घरीच राहत. लीनाबाई जखमा बांधत, घरी जाऊन आईला औषध लावायला शिकवत आणि पोराला वर्गात परत आणत. शोधून काढणं आणि परत आणणं यात जे अंतर आहे, ते भरून काढणं हीच शाळेच्या नर्सची खरी नोकरी.

लांब कशाला, नवोदय विद्यालयांत आजही स्टाफ नर्सचं पद आहे आणि ती मुलांबरोबर आवारातच राहते. कुणाला दम्याचा त्रास, कोण परीक्षेआधी उलट्या करतं, कुणाला घरची आठवण आली की पोटात दुखतं, हे तिला फाइल न उघडता माहीत असतं. निवासी शाळेला हे जमतं, तर जवळपासच्या शाळांच्या प्रत्येक जनशिक्षा केंद्रामागे एक कायम नर्स नेमून तिला त्याच शाळांत दर महिन्याला का पाठवता येऊ नये? सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणीही आता आपल्या जिल्ह्यासारख्या आदिवासी भागात चालू आहे. बोटाला टोचून थेंबभर रक्त घेणं क्षणाचं काम. ज्याचा निकाल वाईट येतो त्या पोराला पाणी भरपूर पी, उन्हात धावू नको, हात-पाय फार दुखले तर लगेच सांग, हे वर्षानुवर्षं कुणीतरी एकाच माणसाने सांगत राहायला लागतं.

सिस्टरांच्या वहीत त्या दिवशी मी एक पान पाहिलं. सतरा नावं होती, सगळी जिल्ह्याला पाठवलेल्या मुलांची. पाच नावांपुढे बरोबरची खूण होती. ही वही त्यांना कुणी ठेवायला सांगितलेली नाही, ती अहवालात जात नाही. पुढची तपासणी वर्षाने. त्या पोरीच्या नावापुढची जागा तोवर कोरीच राहील.