गिऱ्हाईकाला मीटर लावायला शिकवा, धंदा बुडत नाही



घरच्या घरी कारची बॅटरी कशी तपासायची आणि बदलायची, हा व्हिडिओ टाकला त्याच संध्याकाळी एका बॅटरीवाल्या मित्राचा फोन आला. "काय ओ मालक, लोकांना सगळंच शिकवायलाय. उद्या गिऱ्हाईक दुकानात कशाला येईल? आपल्याच पोटावर पाय द्यायलाय की!"

फोनवर मी हसून विषय बदलला. पण प्रश्न खरा आहे आणि तो फक्त बॅटरीच्या दुकानाचा नाही. मोबाईल रिपेअर, एसी सर्व्हिस, मोटर वाइंडिंग, सगळ्यांना तो पडतो. म्हणून इथे नीट उत्तर देतो.

माझं मत सरळ आहे. तपासणं प्रत्येक गिऱ्हाईकाला आलं पाहिजे आणि ते आपणच शिकवलं पाहिजे. बदलणं ज्याला जमेल त्याने करावं, पण कुठे थांबायचं तेही आपणच सांगायचं.

आधी माझीच चूक सांगतो

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. गाड्या दोन-अडीच महिने जागेवर उभ्या होत्या. जूनमध्ये दुकान उघडलं तर दारात रांग. एक निवृत्त सर आले. गाडी ढकलून चालू करून आणली होती. बॅटरी जेमतेम दीड वर्षाची. मीटरवर साडेअकरा व्होल्टसुद्धा नव्हते.

मला माहीत होतं की बॅटरी उतरलेली असणं वेगळं आणि बाद झालेली असणं वेगळं. एक रात्र चार्जिंगला लावून दुसऱ्या दिवशी तपासली असती तर खरं काय ते कळलं असतं. पण रांग मोठी, दोन महिन्यांचं भाडं थकलेलं, आणि सर म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." मी नवी बॅटरी बसवली. त्यांची जुनी रात्री चार्जिंगला लावली. सकाळी ती लोड टेस्टला व्यवस्थित टिकली.

पुढच्या वर्षी सरांचा पुन्हा फोन. गाडी चालू होत नव्हती. जाऊन बघतो तर मायनसचा टर्मिनल ढिला. पाना फिरवला, गाडी चालू. सर पैसे काढायला लागले तेव्हा मात्र मला राहवलं नाही. आदल्या वर्षीचं सगळं सांगितलं आणि फरकाचे पैसे पुढे केले. त्यांनी ते मोजून घेतले. मग म्हणाले, "आता हा मीटर कसा लावायचा तेही सांगा." तो व्हिडिओ तिथून सुरू झाला.

चार आकडे कळले की फसवणूक अर्धी कमी

साधा डिजिटल मल्टिमीटर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवायचा. लाल वायर प्लसला, काळी मायनसला.

गाडी रात्रभर बंद असताना सकाळी मोजा. १२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी म्हणजे बाद नव्हे. आधी चार्ज करा, काही तास तशीच ठेवा, मग परत मोजा. चार्ज करूनही ताबडतोब उतरत असेल तरच संशय घ्या.

दुसरं, कोणाला तरी गाडी चालू करायला सांगा आणि स्टार्टर फिरताना मीटर बघा. बॅटरी भरलेली असूनही आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर ती थकली आहे.

तिसरं, इंजिन चालू असताना मोजा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसतं. आकडा साडेबारावरच अडकून खाली यायला लागला तर अल्टरनेटर किंवा बेल्ट तपासून घ्या. अशा गाडीत नवी बॅटरी घातली तरी तीसुद्धा उतरणार. हल्लीच्या काही गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, त्यामुळे एकदाच मोजून निकाल देऊ नका.

आणि या सगळ्याच्या आधी टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी पावडर साचली असेल तर टर्मिनल सोडवून खायच्या सोड्याच्या पाण्याने ब्रश मारा, कोरडं करून घट्ट बसवा. कितीतरी "बाद" बॅटऱ्या एवढ्यावर बऱ्या होतात.

आपल्या सोलापुरात हे जास्त लागू आहे. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो आणि बॉनेटखाली त्याहून जास्त तापतं. लोकांना वाटतं बॅटरी थंडीत जाते. थंडीत ती फक्त उघडी पडते. तिचं आयुष्य खातो तो उन्हाळा, कारण आतलं पाणी उडतं आणि प्लेटा लवकर झिजतात. ज्या बॅटरीला झाकणं आहेत तिच्यात मार्चमध्येच पातळी बघून डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं पाणी नको, अ‍ॅसिड तर मुळीच नको.

बदलायची असेल तर

गाडी बंद, चावी बाहेर, अंगठी-कडं-घड्याळ काढून ठेवलेलं, डोळ्याला गॉगल, हातात ग्लोव्हज. जागा मोकळ्या हवेची. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ बिडी-सिगारेट आणि काडी नको.

काढताना आधी मायनस, मग प्लस. कारण गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होऊन पाना लाल होतो. बसवताना उलट, आधी प्लस, शेवटी मायनस. नवी बॅटरी त्याच मापाची, त्याच क्षमतेची, प्लस त्याच बाजूला असलेली घ्या. तिची क्लॅम्प पट्टी कसून बसवा, ढिली बॅटरी खड्ड्यांत मरते. वजन दहा-पंधरा किलो असतं, म्हणून उचलताना गुडघ्यात वाका. अ‍ॅसिड डोळ्यात गेलं तर लगेच स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि तडक डॉक्टरकडे जा. डोळ्यात सोडा घालू नका.

आणि इथे थांबा: बॅटरी फुगलेली आहे, फुटलेली आहे किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतोय. तिला हात लावू नका, चार्जिंग नको, जंप स्टार्ट नको, माणूस बोलवा. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबलच्या वाटेला जाऊ नका. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला साधी बॅटरी चालत नाही, आणि काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते. ते काम दुकानातच करून घ्या.

जुनी बॅटरी अंगणात ठेवू नका

घरी बॅटरी बदलण्यातला माझ्या मते सगळ्यात मोठा धोका नंतर सुरू होतो. नवी ऑनलाइन मागवली, जुनी जिन्याखाली. मग कधीतरी भंगारात. तिथे कोणी अ‍ॅसिड गटारीत ओततं, शिसं उघड्यावर वितळवतं, आणि आसपासची पोरं ती हवा घेतात. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही.

जुन्या बॅटऱ्या परत घेण्याचा नियम देशात २००१ पासून आहे. २०२२ च्या नव्या नियमांतही ती जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे. म्हणून जुनी बॅटरी उभीच ठेवून आणा, दुकानात द्या, आणि तिची किंमत बिलात वजा झालेली बघून घ्या.

मग दुकानदाराला काय उरतं?

बरंच उरतं. आपल्या धंद्याचं खरं दुखणं फुकट तपासणी हे आहे. तपासणीचे पैसे मिळत नाहीत आणि पैसे फक्त विक्रीत आहेत, मग तपासणारा "बाद आहे" म्हणणारच. मीही तेच केलं होतं. म्हणून आता माझ्या दुकानात तपासणी आणि चार्जिंगची ठरलेली फी आहे. बॅटरी घ्या नाहीतर घेऊ नका, फी तीच. दर भिंतीवर लावला आहे. सुरुवातीला लोक कुरकुरले. आता "मालक, फी घ्या पण खरं सांगा" म्हणून येतात.

लोड टेस्टर, ताजा माल, वॉरंटी कार्डावर तारखेसकट शिक्का, जुनी बॅटरी परत घेणं आणि रात्री अकराला हायवेवर उचललेला फोन, या गोष्टी गिऱ्हाईकाच्या पाचशेच्या मीटरात येत नाहीत. त्या विका. अज्ञान विकू नका. ते गिऱ्हाईकाच्या भाच्याने एक व्हिडिओ बघितला की संपतं.

मित्राला एवढंच सांगतो: ज्याला आकडे कळतात ते गिऱ्हाईक घासाघीस कमी करतं, कारण त्याला काय घ्यायचं ते माहीत असतं.

या आठवड्यात एक काम करा. येणाऱ्या पहिल्या गिऱ्हाईकाच्या हातात मीटर द्या आणि आकडा त्यालाच वाचू द्या. काय झालं ते व्हिडिओखाली लिहा. भेटूया.