टेकरीवरच्या दोघी, पडद्यावरचे दोघे

माझ्या दोन भाच्या तीन आठवडे एकमेकींशी बोलत नव्हत्या. थोरली सोळा वर्षांची, धाकटी चौदा. थोरलीचं एक गुपित धाकटीने आईला सांगितलं, एवढंच निमित्त. तिने ते काळजीपोटी सांगितलं होतं, पण थोरलीला तो विश्वासघात वाटला. तरी रात्री जेवणं झाली की दोघी पलंगाच्या दोन टोकांना बसून ‘द व्हॅम्पायर डायरीज’ बघायच्या. मीही मध्ये जाऊन बसू लागले.

2009 मध्ये सुरू झालेली ही अमेरिकी मालिका आठ पर्वं चालली. मिस्टिक फॉल्स नावाचं काल्पनिक गाव, शाळकरी एलेना आणि तिच्यावर जीव टाकणारे दोन रक्तपिपासू भाऊ, डेमन आणि स्टेफन. वरवर पाहता हा प्रेमाचा त्रिकोण आहे. मला मात्र त्यात भावांचं भांडणच जास्त दिसलं. त्याचं मूळ 1864 मधलं. दोघांचाही कॅथरीन नावाच्या एका रक्तपिपासू तरुणीवर जीव होता. धाकट्या स्टेफनने वडिलांवर विश्वास ठेवून त्यांच्यापाशी मन मोकळं केलं. वडिलांनी त्याचाच वापर करून कॅथरीनला पकडलं. पुढे मरणाच्या दारात उभ्या असलेल्या डेमनला स्टेफननेच रक्त पाजून पिशाच्चयोनीत ओढलं, कारण त्याला एकटं राहायचं नव्हतं. डेमनने त्याला जन्मभर दुःख देईन असं बजावलं, आणि त्यांचा जन्म तर कधी संपणाराच नव्हता.

हे पाहताना थोरली एकदम गप्प झाली. धाकटी नखं कुरतडत होती.

आम्ही देवासचे. दोन भावांची गोष्ट आम्हाला कुणी नव्याने सांगायला नको. 1728 च्या सुमारास तुकोजी आणि जिवाजी पवार या भावांना इथला मुलूख मिळाला. पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं झाली. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, आणि हद्द गावातूनच गेलेली. 1948 पर्यंत हे चाललं. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांकडे काही काळ चिटणीस होते. त्यांनी 1953 मध्ये देवासच्या आठवणी छापल्या, तेव्हा पुस्तकाच्या मुख्य नावात गाव घातलं नाही, देवीची टेकडी घातली.

त्या टेकरीवर तुळजाभवानी आणि चामुंडा, आमच्या थोरल्या आणि धाकट्या माता. आमच्याकडे सांगतात, या बहिणींचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. थोरली रागाने पाताळात जाऊ लागली, धाकटी टेकरी सोडून निघाली. हनुमान आणि भैरव मध्ये पडले, हात जोडून विनवू लागले. तेव्हा दोघी होत्या तिथे, होत्या तशा थांबल्या.

भांडणात चूक कुणाची होती, याचा निवाडा या कथेत नाही. कुणी माफी मागितली, तेही सांगत नाहीत. फक्त त्या थांबल्या. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मला या मालिकेमुळे नव्याने उलगडली. डेमन आणि स्टेफन दीडशे वर्षं एकमेकांना दुखवतात, पण पाठ फिरवून कायमचे निघून जात नाहीत. म्हणून 2017 च्या शेवटच्या भागात स्टेफन थोरल्या भावासाठी प्राण देतो, तेव्हा ते खरं वाटतं. इतकी वर्षं दोघे पुन्हा पुन्हा एकमेकांकडे परतले नसते, तर ते घडलंच नसतं.

घरात पोरी भांडल्या की आपण लगेच न्यायाधीश होतो. ‘सॉरी म्हण’ म्हणून दटावतो. तोंडातून शब्द काढून घेता येतो, मनातून नाही. मोठ्यांनी हनुमान आणि भैरवाचं काम करावं. निवाडा न देता मध्ये उभं राहावं आणि म्हणावं, आणखी दूर जाऊ नका.

गेल्या रविवारी दोघींना घेऊन टेकरी चढले. दोन्ही मातांचं दर्शन घेतलं, भैरवाचंही. उतरताना थोरलीने न बोलता पाण्याची बाटली मागे धरली आणि धाकटीने ती घेतली.

सगळं मिटलेलं नाही. रात्री पलंगावर मधली जागा अजून माझीच आहे. पण ती आता थोडी अरुंद झाली आहे.